हॅरॉल्ड न्हाणीघरात कसा गेला

मुलांनो, डोळे मिटा आणि एक स्वयंपाकघर मनात आणा. छे, मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा, फक्त जरा बारीक करा. दिसलं? भांडी घासायच्या मोरीवर एक खिडकी आहे. खिडकीबाहेर मक्याचं शेत आहे, ते थेट आभाळापर्यंत. आणि मोरीशेजारी एका चिनी मातीच्या बरणीत आठ लाकडी चमचे उभे आहेत, प्रत्येक चमच्याच्या डोक्यावर प्लास्टिकची एकेक ओली पिशवी उलटी घातलेली आहे. आठ म्हातारे आंघोळीची टोपी घालून गप्पा मारत उभे राहावेत, तसं ते दिसतं.

हे विस्कॉन्सिनमधल्या एल्क फोर्ड नावाच्या गावातलं आर्डिस नायगार्ड आजीचं स्वयंपाकघर. आणि त्या बरणीसमोर स्टुलावर बसून पिशव्यांचं पाणी निथळताना बघत बसली आहे ती तिची नात टिल्डा, वय साडेआठ.

टिल्डाची आई शहरात परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणून टिल्डाची सगळी उन्हाळ्याची सुट्टी आजीकडे होती. आजीकडे मजा होती, पण ती सगळी म्हातारी मजा होती. टिल्डाच्या वयाचं अख्ख्या रस्त्यावर कोणी नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी मात्र शेजारच्या पिवळ्या घरात ॲरिझोनाहून नवं कुटुंब राहायला आलं होतं, आणि सामानाच्या ट्रकमधून एक लाल सायकल उतरताना टिल्डाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. बरोबर आपल्या मापाची! त्या दिवसापासून टिल्डाला दुसरं काही सुचत नव्हतं. सायकलवालीशी मैत्री झाली तर उन्हाळा. नाही झाली तर पिशव्या सुकताना बघत बसायचं.

आता या पिशव्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा तुम्हाला कळायचा नाही.

तोंडाला झिप असलेली पिशवी तुम्ही पाहिलीच असेल. बोटाने दाबत नेली की मिटते, ओढली की उघडते. बाकीचं जग तिच्यात सँडविच ठेवतं आणि मग ती फेकून देतं. आर्डिस आजीच्या घरात पिशवी फेकणं म्हणजे पापच. 'पिशवी फाटेपर्यंत पिशवी आणि फाटल्यावर फडकं,' असा तिचा नियम. टीव्हीचा रिमोट पिशवीत, कारण ओरिन आजोबा खारे शेंगदाणे खात चॅनेल बदलायचे. पाककृतीचा कागद पिशवीत, म्हणजे त्यावर अंडं सांडलं तरी पुसता येतं. आजोबा तळ्यावर मासे धरायला निघाले की त्यांचा फोन पिशवीत, आणि घरी आल्यावर त्यांचा दुखरा गुडघा पिशवीखाली. त्या पिशवीत दोन भाग पाणी आणि एक भाग औषधी स्पिरिट असायचं. फ्रीझरमध्ये ठेवलं तरी ते दगड होत नाही, मऊ बर्फाळ लगदा होतो आणि गुडघ्याला बरोबर मिठी मारतो.

लोकरीचे स्वेटर उन्हाळ्यात ठेवायची युक्ती तर टिल्डाला फारच आवडायची. स्वेटर मोठ्या पिशवीत घालायचा, झिप जवळजवळ पूर्ण लावायची, उरलेल्या फटीत सरबताची नळी खुपसायची आणि आतली हवा जोरात ओढून घ्यायची. स्वेटर पापडासारखा चपटा! आजोबांचा सर्वांत जाडा स्वेटर टिल्डाने एका दमात पापड केला होता, आणि नंतर दहा मिनिटं तिच्या तोंडाला लोकरीची चव येत होती.

पडवीत आजोबांनी एक पिशवी टांगली होती. तिच्यात पाणी आणि एक-एक सेंटची चार नाणी.

"ही कशाला?" टिल्डाने विचारलं होतं.

"माश्या पळवायला," आजोबा म्हणाले. "पाण्यात त्यांना स्वतःचं तोंड एवढं मोठं दिसतं की भिऊन पळतात."

"पळतात कसल्या!" आतून आजी ओरडली. "गावभरच्या माश्या आरसा बघायला येतात तुझ्याकडे!"

तेवढ्यात एक माशी आली, पिशवीवर बसली आणि पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळू लागली. आजोबांनी नजर दुसरीकडे वळवली.

पण या घरात एक मोठी अडचण होती, आणि ती म्हणजे चिकटपट्ट्या. आजी प्रत्येक पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यात काय आहे ते लिहायची. पिशवी रिकामी झाली की धुवायची, चमच्यावर सुकवायची आणि तिच्यात दुसरंच काहीतरी भरायची. पट्टी मात्र तीच राहायची. 'चांगली चिकटलीय, कशाला काढा?' त्यामुळे 'कोबीचं सूप, मार्च' मध्ये बटणं होती, 'बटणं' मध्ये मटार होते, आणि 'मटार' मध्ये आजोबांचे गळ होते. हे सगळं आजीला पाठ होतं. आजोबांना त्रेचाळीस वर्षांत पाठ झालं नव्हतं, म्हणून ते पट्टी वाचायचेच नाहीत. पिशवी उघडायची, नाक घालायचं, आणि मग ठरवायचं. गळांच्या पिशवीत एकदा नाक घातल्यापासून तेही जरा जपूनच.

नवे शेजारी आले त्याच सुमारास गावात मैत्रीच्या पावाची साथ आली.

साथच म्हणायची. तुम्हाला कोणीतरी एक झिपची पिशवी आणून देतं. आत पांढरं, पातळ, आंबटगोड वासाचं पीठ असतं. ते आंबवण. सोबत एक चिठ्ठी. रोज पिशवी बाहेरून दाबून मळा. फुगली तर हवा सोडा. धातूचा चमचा लावू नका. सहाव्या दिवशी एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध घाला. दहाव्या दिवशी पुन्हा तेच घाला आणि चार भाग करा. एकाचा दालचिनी घालून पाव भाजा, नाहीतर पुढच्या खेपेसाठी ठेवा. तीन भाग तीन शेजाऱ्यांना द्या. आणि खाली जाड अक्षरात: साखळी तोडू नका!

छान आहे ना? आता बोटांवर हिशोब करून बघा. आज एक पिशवी. दहा दिवसांनी चार. वीस दिवसांनी सोळा. तीस दिवसांनी चौसष्ट, चाळीस दिवसांनी दोनशे छप्पन्न, आणि पन्नासाव्या दिवशी एक हजार चोवीस. एल्क फोर्डची लोकसंख्या नऊशे अकरा. गाई वेगळ्या.

म्हणजे पहिली पिशवी आली की लोक "अय्या, किती गोड!" म्हणतात. दुसरी आली की "अरे वा" म्हणतात. तिसरी आली की घरातले दिवे मालवून सोफ्यामागे बसतात.

आर्डिस आजीने मात्र आपल्या आंबवणाचे दहाव्या दिवशी नियमाप्रमाणे चार भाग केले. तीन चर्चमधल्या तीन मैत्रिणींच्या हातात दिले, आणि चौथा टिल्डाला.

"हा तुझा. दहा दिवस सांभाळ. दहाव्या दिवशी दोन पाव भाजू. एक आपल्याला आणि एक शेजारच्या पिवळ्या घरात. पाव घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी दार लावत नाही."

टिल्डाने पिशवी दोन्ही हातांत घेतली. आतून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"हा हॅरॉल्ड," टिल्डा म्हणाली.

"हॅरॉल्ड का?"

"त्याने सांगितलं."

आजी शहाणी होती. तिने पुढे विचारलं नाही.

टिल्डाने हॅरॉल्डला जिवापाड जपलं. सकाळी उठली की मळायचं, दुपारी हवा सोडायची. हवा सोडताना हॅरॉल्ड असा आवाज काढायचा की आजोबा दर वेळी दचकून म्हणायचे, "मी नव्हतो हं!" टिल्डा त्याला जेवायला सोबत घ्यायची, आणि पडवीत माशी-पिशवीशेजारी बसवून गोष्ट सांगायची.

तिसऱ्या दिवशी धीर करून ती पिवळ्या घराकडे निघाली. अर्थात हॅरॉल्डला कडेवर घेऊनच. घंटी वाजवली. आत पावलांचा आवाज आला, खिडकीचा पडदा बोटभर हलला, आणि मग सगळं एकदम चिडीचूप. टिल्डा बराच वेळ उभी राहिली. दार उघडलं नाही.

"झोपले असतील," आजी म्हणाली.

"सकाळी दहाला?"

सहाव्या दिवशी हॅरॉल्डला मैदा, साखर, दूध मिळालं आणि तो जुन्या पिशवीत मावेना. आजीने चमच्यावरची मोठी पिशवी काढली, एका उभ्या बरणीत बसवली आणि तिचं तोंड बरणीच्या काठावरून बाहेर दुमडलं. म्हणजे पिशवी आपोआप आ वासून उभी राहते, भरताना कोणी धरायला लागत नाही, आणि झिपलाही चिकटत नाही. हे लक्षात ठेवा, कामाला येतं. हॅरॉल्ड नव्या पिशवीत घळघळ उतरला. तेव्हा टिल्डाला पिशवीवरची पट्टी दिसली. 'व्हिनेगर. न्हाणीघरातला फवारा.'

"आजी, यावर चुकीचं लिहिलंय."

"तुला माहीत आहे ना तो हॅरॉल्ड आहे?"

"हो."

"मला माहीत आहे. हॅरॉल्डलाही माहीत आहे. मग पट्टी कशाला वाया घालवायची?"

टिल्डाला ते पटलं. मुलांनो, अशा वेळी पटलं तरी पट्टी बदलावी.

सातव्या दिवशी ती पुन्हा पिवळ्या घराकडे गेली. हॅरॉल्ड आता चांगला बाळसं धरून होता, त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरावं लागत होतं. या वेळी घंटी वाजवायच्या आधीच पडदा हलला. आतून कोणीतरी हळूच म्हणालं, "खाली बस, खाली बस!" आणि मग धप्प असा आवाज. नंतर काहीच नाही.

टिल्डा परत आली ती तडक जिन्याखाली जाऊन बसली.

"त्यांना मी आवडत नाही," ती हॅरॉल्डला म्हणाली. "मला न बघताच." आजी तिथे आली, तेव्हा टिल्डाचं नाक लाल झालं होतं. आजीने वाकून तिच्या हातात रुमाल दिला. तोही पिशवीतूनच काढून.

"अजून तीन दिवस," आजी म्हणाली. "दहाव्या दिवशी पाव. बघू कोण दार लावतं ते."

म्हणजे आता सगळा भार हॅरॉल्डवर आला होता.

दहावा दिवस उजाडला. आजीला सकाळी चर्चच्या तळघरात रात्रीच्या जेवणाची टेबलं मांडायला जायचं होतं, टिल्डाला तळ्यावर पोहायच्या शिकवणीला. जाताना आजीने आजोबांसाठी चिठ्ठी ठेवली: 'ओरिन, फवाऱ्यातून पाणी थेंबथेंब येतंय. ओट्यावरची व्हिनेगरची पिशवी त्याला बांध. मी दुपारी परतते.'

ही युक्तीही तशी चांगली आहे. फवाऱ्याच्या भोकांत पाण्यातला क्षार साचतो. पिशवीत व्हिनेगर भरायचं, फवारा त्यात बुडवायचा, वरून रबराने बांधायचं. तासाभरात क्षार विरघळतो. आजीने व्हिनेगर भरून ठेवलेलंच होतं. ओट्यावर. 'ब्लूबेरी, मागचा उन्हाळा' असं लिहिलेल्या पिशवीत.

आजोबा ओट्यासमोर उभे राहिले. दोन पिशव्या. एकीवर 'ब्लूबेरी'. दुसरीवर स्पष्ट, ठळक अक्षरात 'व्हिनेगर. न्हाणीघरातला फवारा.' आजोबांना सर्दी झाली होती, वास काही येत नव्हता. आणि म्हणून त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ओरिन नायगार्ड यांनी पट्टीवर विश्वास ठेवला.

"बाईने शेवटी नीट लिहिलं एकदाचं," ते खूश होऊन म्हणाले. ब्लूबेरी खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी व्हिनेगर फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि हॅरॉल्डला उचलून न्हाणीघरात नेलं.

टिल्डा पोहून परतली, तेव्हा तिचा ओला पोहण्याचा पोशाख पिशवीत होता आणि डोक्यात एकच विचार होता. ओट्यावर हॅरॉल्ड नव्हता. तिने ओट्याखाली पाहिलं. पडवीत पाहिलं.

"आजोबा, हॅरॉल्ड कुठे आहे?"

"कोण हॅरॉल्ड? मला कोणी भेटलं नाही."

"माझी पिशवी! पांढरी, मोठी, बुडबुडेवाली!"

आजोबांच्या हातातला शेंगदाणा तिथेच थांबला. "बुडबुडे होते खरे," ते सावकाश म्हणाले. "मला वाटलं, फार कडक व्हिनेगर आहे."

आणि त्याच वेळी, मुलांनो, वरच्या मजल्यावर आर्डिस आजीने नळ सोडला. तळघरातली बावीस टेबलं मांडून ती घामाघूम होऊन आली होती, चष्मा काढून ठेवला होता, आणि फवाऱ्यात पाणी कमी येतं म्हणून तिने नळ पूर्ण फिरवला.

पिशवी फुगली. दहा दिवसांत हॅरॉल्ड कधी फुगला नव्हता इतका फुगला. मग वरून "फट्ट!" असा आवाज आला, मग घळ्ळ असा आवाज आला, आणि मग आजीचा आवाज आला. तो आवाज शेतापलीकडच्या गाईंनीही मान वर करून ऐकला.

"ओरिऽऽऽन! माझ्या डोक्यावर कोण आहे?"

"हॅरॉल्ड!" खालून टिल्डा किंचाळली. "आजी, त्याला धुवू नकोस! पाणी बंद कर!"

पण हॅरॉल्ड तोपर्यंत आजीच्या केसांतून, कानांमागून, टबातून आणि शेवटी भोकातून निघून गेला होता. जाता जाता त्याने आपला तो नेहमीचा आवाज काढला.

"या वेळीही मी नव्हतो," आजोबा पुटपुटले.

अर्ध्या तासाने तिघं स्वयंपाकघरात बसली होती. आजीच्या डोक्याला पंचा होता आणि भुवईवर पिठाचा एक ठिपका तेवढा राहिला होता. टिल्डा रडत नव्हती. ती हॅरॉल्डची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन सपाट करत बसली होती.

"मी पट्टी वाचली," आजोबा म्हणाले. "आयुष्यात एकदा वाचली."

"चूक माझी आहे," आजी म्हणाली. ते ऐकून आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख लक्षात ठेवावी असं त्यांना वाटलं असावं. "थांब टिल्डा. मी तीन पिशव्या दिल्या होत्या ना? तो हॅरॉल्डचाच भाऊबंद. एकीकडून परत घेऊ."

आजीने पाद्र्यांच्या बायकोला, मार्लिसला, फोन लावला.

"मार्लिस, तुझ्याकडचं ते आंबवण…"

"अगं आर्डिस, काय सांगू! संपलं की! इतका सुंदर पाव झाला, बोटं चाटून खाल्ला."

"आज तर दहावा दिवस आहे. पाव झाला कधी?"

"हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय गं तुझा," मार्लिस म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसरीने सांगितलं की तिचं आंबवण कुत्र्याने खाल्लं. तिच्याकडे कुत्रा नव्हता, हे आजीला माहीत होतं. तिसरीने फोन उचलून "आम्ही घरी नाही" असं सांगितलं.

"मागच्या महिन्यात याच बायका माझ्या गळ्यात तीन-तीन पिशव्या मारत होत्या!" आजी फणफणली.

टिल्डा स्टुलावरून उतरली.

"कुठे निघालीस?"

"शेजारी. दहाव्या दिवशी जायचं ठरलं होतं." तिने बाहीने नाक पुसलं. "पाव नाही एवढं सांगून येते. ते दार उघडणार नाहीतच. दाराला सांगेन."

उन्हात पिवळं घर गप्प उभं होतं. टिल्डाने घंटी वाजवली. पडदा बोटभर हलला. टिल्डा दाराकडे तोंड करून म्हणाली, "मी शेजारची टिल्डा. मी पाव आणणार होते, पण तो आजीच्या डोक्यावर फुटला. म्हणून काहीच आणलं नाही. बस, एवढंच."

आत खुसफुस झाली. मग दाराची पत्र टाकायची फट उघडली, आणि तिच्यातून दोन काळे डोळे दिसले.

"हात दाखव," डोळे म्हणाले.

टिल्डाने हात दाखवले.

"दोन्ही. आता मागे वळ. पाठीमागे काही लपवलं नाहीस ना?"

"काय लपवणार?"

"पिशवी!"

"माझी होती तीच गेली. सांगितलं ना."

"आई!" आतून आरोळी आली. "हिच्याकडे पिशवी नाहीये! खरंच नाहीये!"

आणि दार सताड उघडलं. दारात टिल्डाएवढीच एक मुलगी होती, दोन वेण्या, आणि कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात. तिने टिल्डाला दंडाला धरून आत ओढलं आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून दार लावलं.

"मी पलोमा. लवकर ये. खिडकीपासून लांब राहा."

स्वयंपाकघर बघून टिल्डाचे डोळे विस्फारले. ओट्यावर पिशव्या, टेबलावर पिशव्या, खुर्च्यांवर पिशव्या. पडद्याच्या दांड्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेल्या पिशव्या. सगळ्यांत पांढरं आंबवण, आणि सगळ्या हळूहळू फुगत होत्या. मधोमध पलोमाची आई, रुएलासबाई, दोन्ही हातांनी दोन पिशव्या मळत उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या. "आम्ही आलो त्या दिवशी एकीने एक आणून दिली. मला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे! मग आणखी येऊ लागल्या. दहा दिवस झाले की एकीच्या चार. आम्ही कोणाला द्यायच्या? आम्ही कोणाला ओळखत नाही!"

"मग फेकायच्या ना."

"चिठ्ठीत लिहिलंय तोडू नका!" पलोमा म्हणाली. "आईला वाटतं, इथला कायदा असेल. बाबा रात्रपाळीहून येतात, दोन मळतात आणि झोपतात. तू दोनदा आलीस तेव्हा तुझ्या हातात केवढी मोठी होती! आम्ही जमिनीवर आडवे झालो. माझं डोकं टेबलाला आपटलं. हे बघ टेंगूळ."

टिल्डाने टेंगूळ नीट पाहिलं. चांगलं होतं.

"म्हणजे," तिने सावकाश विचारलं, "तुम्हाला मी आवडत नाही असं नाही?"

"तू कशी आहेस तेच कुठे माहीत होतं? नुसती पिशवी दिसायची, खाली दोन पाय!"

टिल्डाला एकदम हसू फुटलं. पलोमालाही फुटलं. रुएलासबाईंना तर असं फुटलं की त्या दोन पिशव्या छातीशी धरून खुर्चीवरच बसल्या, आणि त्या खुर्चीवर आधीच एक पिशवी होती.

हॅरॉल्डसारखाच आवाज आला.

मग टिल्डाची नजर खिडकीत गेली. तिथे एक पिशवी होती, तिच्यावर कागदी चिकटपट्टी, आणि पट्टीवर ओळखीचं तिरपं अक्षर: 'गाजराचं सूप, एप्रिल.'

"ही कोणी दिली?"

"ही? आठ-नऊ दिवस झाले. पाद्र्यांच्या बायकोने. गाजराचं सूप म्हणून आम्ही खुशीने घेतली!"

'बोटं चाटून खाल्ला म्हणे,' टिल्डाला आठवलं. तिने पिशवी उचलली. आतून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"हॅरॉल्ड," ती म्हणाली.

मग पाव भाजायची गंमत बाजूला राहिली आणि टिल्डा कामाला लागली. साडेआठ वर्षांच्या मुलीला जे ठाऊक होतं, ते त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. "फ्रीझरमध्ये ठेवलं की आंबवण झोपतं," तिने सांगितलं. "मरत नाही. साखळी तुटत नाही. फक्त थांबते." तिने पिशव्यांतली हवा काढली, त्या थाळीवर चपट्या पसरल्या, आणि गोठल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या कशा लावायच्या ते दाखवलं. बारा फ्रीझरमध्ये मावल्या. पाच टिल्डाने कुंपणावरून आजीकडे दिल्या, तिथल्या फ्रीझरमधली 'ब्लूबेरी' काढून जागा झाली. उरलेल्यांतल्या एका पिशवीत अंडं आणि तेल घालून ती बाहेरूनच मळली, कात्रीने खालचा एक कोपरा इवलासा कापला, आणि पिशवी दाबत तापल्या तव्यावर पिठाची बारीक धार सोडली. धारेची मांजर झाली. मिशांसकट. पलोमाने पाच पायांचा घोडा काढला. रुएलासबाईंनी सूर्य काढला, तो जरा करपला. आजी आणि आजोबा कुंपण ओलांडून आले, आजोबांनी घोड्याचा पाचवा पाय खाल्ला, आणि आजीने कागदावर दहा बायकांची नावं लिहून घेतली, ज्यांच्याकडे उद्या सकाळी ती एकेक पिशवी घेऊन जाणार होती.

"त्या दार उघडणार नाहीत," आजोबा म्हणाले.

"मी दारापाशी बसून राहीन," आजी म्हणाली.

खिडकीतल्या पिशवीला मात्र टिल्डाने कोणाला हात लावू दिला नाही.

"हा आपल्या दोघींचा," ती पलोमाला म्हणाली. "एक दिवस तू मळायचं, एक दिवस मी. आणि मधे तुझी सायकल."

"चालेल," पलोमा म्हणाली. "पण यावर गाजर कशाला लिहिलंय?"

टिल्डाने आजीकडे पाहिलं. आजीने तोंड उघडलं. भुवईवरचा तो पिठाचा ठिपका तिला तेवढ्यात सापडला असावा, कारण तिने बोटाने तो पुसला आणि तोंड मिटलं.

तेव्हा टिल्डाने जुन्या पट्टीचं टोक नखाने धरलं आणि ती चर्रकन ओढून काढली. नवी पट्टी लावली, पेन घेतलं, आणि जीभ बाहेर काढून एकेक अक्षर ठळक लिहिलं:

'हॅरॉल्ड. राहणार, दोन घरं. न्हाणीघरात नेऊ नये.'